आधी पाणी सोडायचं

सिंकखालच्या, खरकटं दळणाऱ्या मशीनमध्ये काय पडलंय, हे वहिनीला आवाजावरून कळायचं. ती आतल्या खोलीत दार लावून बसलेली असली, तरी स्वयंपाकघरातली घरघर जराशी बदलली की तिची हाक यायची, "शेवग्याच्या शेंगा टाकल्या का कोणी? बंद करा न." आणि खरोखरच कोणीतरी, म्हणजे बहुतेक वेळा बाबांनी, ताटातला शेंगांचा चोथा सिंकमध्ये लोटलेला असायचा. काकडीच्या सालांचा आवाज मऊ, गाजराच्या बुडख्यांचा खडखडीत, कांद्याच्या सुक्या सालांचा जवळजवळ नाहीच. हे ती मला एकदा समजावून सांगत होती, तेव्हा आई मागून म्हणाली, "पेटीचे सूर सांगतेय जणू." आईच्या बोलण्यात कौतुक आणि टोमणा एकाच वजनाचे असतात. कुठे कोणता, ते बाहेरच्या माणसाला ओळखू येत नाही. वहिनीलाही पहिले काही महिने आलं नाही.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको, प्राची. दादा अमेरिकेत नोकरीला होता. पस्तिशीही गाठली नव्हती, आणि एका दुपारी ऑफिसातच हृदय बंद पडून गेला. वहिनीचा तिथला मुक्काम त्याच्या व्हिसावर होता, त्यामुळे तो गेल्यावर तिला तिथे थांबता येईना. ती मूळची अमरावतीची. तिची आई लहानपणीच वारलेली, वडील भावाकडे. भाऊ तिला तिकडेच ये म्हणत होता. ती म्हणाली, आधी पुण्याला जाते. मग दोन बॅगा घेऊन ती कोथरूडला आमच्या घरी आली. 'आधी' म्हणजे किती दिवस, हे तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पुढचं वर्षभर आमच्या घरात तोच एक प्रश्न होता, वहिनी राहणार की जाणार. तो कोणी तोंडाने उच्चारत नव्हतं, पण आम्ही चौघं जेवायला बसलो की तो आमच्यात बसलेला असायचा.

मशीन तिने आणलेलं नव्हतं. दादा शेवटचा आला होता तेव्हा त्याने हट्टाने ओटा नवा करून घेतला आणि सिंकखाली ते बसवून दिलं. सोसायटीत ओला कचरा प्रत्येकाने स्वतः खाली खड्ड्यात नेऊन टाकायचा असा नियम झाला होता आणि आईचे गुडघे दुखायचे. आता सालं-बिलं इथेच टाकायची, बटण दाबायचं, संपलं, असं त्याने तिला दाखवलं. आई हो हो म्हणाली. तो विमानात बसला आणि आईने सिंकच्या त्या तोंडावर एक स्टीलची ताटली ठेवून दिली. अन्न दळून गटारात सोडायचं, हे तिच्या मनाला पटत नव्हतं. खालच्या कपाटात मशीनच्या भोवती तिने रिकाम्या बरण्या रचल्या. आत काय आहे ते आम्ही विसरूनही गेलो.

तेरावा होऊन गेला होता. काही नातेवाईक अजून घरात होते. तोवर एक शब्दही न बोललेली वहिनी उठली, तिने कपाटातल्या बरण्या एकेक बाहेर काढल्या आणि मोबाइलचा उजेड लावून ती सरळ स्वयंपाकघराच्या फरशीवर उताणी झाली. मशीनला चिकटपट्टीने एक एल आकाराची चावी अडकवलेली होती, दादाने मशीन बसवलं तेव्हाची. ती तिने मशीनच्या बुडातल्या भोकात घातली आणि डावीकडे, उजवीकडे हलवू लागली. माझी आत्या दारात उभी होती. ती आईला, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, की नवऱ्याला जाऊन महिना नाही झाला आणि ही बाई यंत्र दुरुस्त करत लोळतेय, अमेरिकेतून बरंच काही शिकून आली म्हणायची. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"यंत्र तिने नाही आणलं, वन्सं. माझ्या मुलाने बसवलंय. ते चालायला हवं."

आत काहीतरी कुरकुरलं आणि सुटलं. वहिनीने बुडातलं लाल बटण दाबलं, उठून नळ सोडला आणि मग भिंतीवरचं बटण. घरघर सुरू झाली. ओट्याच्या कडेवर दोन्ही हात टेकून ती कितीतरी वेळ ते ऐकत राहिली. रडली नाही. ते आईने पाहिलं आणि मनात ठेवलं, हे मला आईच्या तोंडाकडे बघून कळलं. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "न वापरता ठेवलं की गंजून बसते." तिने माझ्याशी बोललेलं पहिलं पूर्ण वाक्य ते.

त्या दिवसापासून सिंक तिच्याकडे गेला. बाकीचं स्वयंपाकघर आईचं. डबे, फोडणी, कणीक, दूध, सगळ्याला आईची पद्धत होती आणि वहिनीने तिला कधी हात लावला नाही. पण सिंकच्या त्या वीतभर तोंडाशी वहिनीचं राज्य होतं, आणि तिथे ती भलतीच कडक होती. "आधी पाणी सोडायचं," ती म्हणायची. आधी थंड पाणी, मग बटण, मग टाकायचं, तेही थोडं थोडं. दळून झालं की लगेच नळ बंद करायचा नाही. खालचा पाइप धुऊन निघेपर्यंत पाणी जाऊ द्यायचं. गरम पाणी नको, कारण त्याने तूप वितळतं आणि पुढे जाऊन पाइपमध्ये थिजतं. तुपातेलाची भांडी आधी कागदाने पुसायची. साबुदाणा नाही, तो फुगतो. उरलेली कणीक नाही, ती खळ होऊन बसते. अळूच्या देठांची सालं, मक्याची तुसं, नारळाच्या शेंड्या, हे तर बघायचंच नाही. "आत सुरी नसते, मिक्सरसारखी," ती बाबांना सांगायची. "ठोकळे असतात. दोरा गेला की ते त्याला गुंडाळत बसतात." आणि काही झालं तरी हात आत घालायचा नाही, बंद असलं तरी. प्लग काढायचा आणि चिमटा घ्यायचा.

बाबा सगळं ऐकून घ्यायचे आणि पुन्हा शेंगा टाकायचे. मला वाटतं, ते मुद्दाम टाकायचे. वहिनी आतून ओरडली की घरात कोणीतरी असल्यासारखं वाटायचं.

उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली तेव्हा आईला वाटलं, आता हे दळण थांबेल. नळ सकाळी थोडा वेळ यायचा, टाकीतलं पाणी जपून वापरायचं, आणि हिला आधी पाणी हवं, नंतरही पाणी हवं. आईने तसं सुनावलंच. दुसऱ्या दिवशीपासून वहिनी तांदळाचं, डाळीचं, भाजीचं धुवण एका बादलीत साठवू लागली आणि दिवसातून एकदाच, त्या पाण्याने, मशीन चालवू लागली. मी बादलीतून मगाने ओतायचे, ती थोडं थोडं टाकायची. आईने दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी डाळ धुताना तिने पाणी सिंकमध्ये न ओतता बादलीत ओतलं. आमच्या घरात समेट असाच होतो, कळेल न कळेल असा.

मला माणसांशी बोलायला वेळ लागतो. समोरच्याने "बोल ना काहीतरी" म्हटलं की जे काय थोडं ओठांवर आलेलं असतं तेही परत जातं. वहिनी तसं कधी म्हणाली नाही. ती काम द्यायची. शनिवारी मशीन साफ करायचं असायचं. बर्फ, मूठभर खडेमीठ, आणि शेवटी लिंबाची सालं. बर्फाने आतल्या कडेला धरलेला चिकटा निघतो आणि लिंबाने वास जातो. मी सिंकच्या तोंडावर ताटली धरायची, कारण बर्फाचे तुकडे उडतात. आवाज इतका भयंकर व्हायचा की शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला आपलं बोलणं ऐकू जात नसे. वहिनी जे काही बोलली ते त्या आवाजात बोलली. बर्फ संपला की वाक्य अर्धं सोडायची. पुढचं पुढच्या शनिवारी.

असंच तुकड्यातुकड्याने मला तिचं तिकडचं आयुष्य कळलं. तिला तिथे नोकरी करायची परवानगी नव्हती. शिकलेली, हुशार मुलगी, पण दादाच्या कागदांवर तिची नोंद फक्त बायको अशी. "तुझा दादा सकाळी गेला की घरात आवाज करणारं तेवढंच होतं," ती म्हणाली. थंडीत खिडक्या बंद, रस्त्यावर माणूस नाही. मग ती उगाचच एखादं गाजर चिरायची आणि मशीन लावायची. दादा संध्याकाळी यायचा, विचारायचा, आज काय केलंस. ती सांगायची, बर्फ दळला. दोघं हसायची. पहिल्या वर्षी हसायची, असं म्हणाली. नंतर तो विचारायचा नाही आणि ती सांगायची नाही.

एका शनिवारी मी ताटलीवरून नजर वर केली आणि बघितलं, ती रडत होती. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आवाज मात्र सगळा बर्फाचा. बर्फ विरघळून घरघर साधी झाली, तशी तिने तोंड मिटलं, नळाखाली हात धरून चेहऱ्यावर फिरवला आणि म्हणाली, "लिंबू दे." आई बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होती. प्राचीच्या डोळ्यांतून टिपूस नाही आला, असं ती त्याच आठवड्यात फोनवर आत्याला सांगत होती. ते रडणं वहिनीचं होतं, कुणाला दाखवायचं ते तिने ठरवायचं.

सिंकच्या तोंडावरचं रबराचं झाकण फाटलं तेव्हा ती मला घेऊन बुधवार पेठेत गेली. आम्ही विजेच्या सामानाची सगळी गल्ली फिरलो. एका दुकानात तिने मोबाइलवर फोटो दाखवून, हे मिळेल का, असं विचारलं. दुकानदार जेवणाच्या डब्यावरून न उठता म्हणाला की आमच्याकडे जे असतं ते समोर टांगलेलं असतं, न टांगलेलं नसतं. वहिनीने नम्रपणे विचारलं, मग कुठे मिळेल. तो म्हणाला, "जिथे टांगलेलं असेल तिथे." वहिनी बाहेर आली आणि हसायला लागली. रस्त्यात उभी राहून, ओढणी तोंडाला लावून, हसतच सुटली. "तुझा दादा असाच बोलायचा," ती म्हणाली, "अगदी असाच, त्या माणसासारखा." आणि मग हसणं जसं आलं तसं गेलं. गर्दीत आम्हाला चुकवून माणसं पुढे जात होती. तिने मोबाइलवरचा फोटो बंद केला. झाकण शेवटी बाबांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचं कापून बनवून दिलं. ते कामाचं निघालं.

वर्ष सरत आलं तेव्हा तिला बंगळूरच्या एका कंपनीतून नोकरीचं बोलावणं आलं. तिने मुलाखत घरातूनच दिली होती, लॅपटॉपवर. ही बातमी तिने जेवताना सांगितली आणि वर म्हणाली की अजून हो म्हटलेलं नाही. अमरावतीहून भावाचे फोन येत होते. त्याच्या मनात एक स्थळ होतं. बाबा म्हणाले, विचार कर. आईने ताक वाढलं. त्या रात्री मला कळलं की वहिनी आईच्या तोंडून एक शब्द निघण्याची वाट बघतेय. राहा, किंवा जा. दोन्हींपैकी कोणताही चालला असता. आणि आई वाट बघत होती की ही एकदा तरी आपल्यासमोर दादाचं नाव घेऊन रडेल. त्याचं नाव दोघी एकमेकींसमोर घेत नव्हत्या.

दादाचं वर्षश्राद्ध घरीच झालं. गुरुजी आले, बाबांनी केलं. बापाने मुलाचं करायचं, त्यामुळे सगळ्यांचे आवाज खाली गेलेले. सगळं उरकल्यावर पिंड, दर्भ, तीळ, फुलं हे एका पिशवीत घातलं आणि वाहत्या पाण्यात सोडा असं सांगून गुरुजी गेले. बाबा स्कूटरवर पिशवी घेऊन नदीवर गेले. पुलाला जाळ्या लावलेल्या. खाली घाटावर पाणी कमी आणि जे होतं ते फेसाळ काळं. तिथल्या माणसाने त्यांना निर्माल्याच्या हौदाकडे बोट दाखवलं. आपल्या मुलाचा पिंड हारतुऱ्यांच्या ढिगात टाकणं बाबांना जमलं नाही. ते पिशवी घेऊन परत आले, ती आईच्या हातात दिली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. आईने त्यांना पुन्हा जा म्हटलं नाही. ती म्हणाली, "असू द्या. मी बघते."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी कागदपत्रांच्या कामाला बाहेर गेली होती. मी आतल्या खोलीत ऑफिसचं काम करत होते. मला आधी पाण्याचा आवाज आला, बराच वेळ. मग मशीनची घरघर. मग ती घरघर अडखळली आणि एकाच सुरात नुसती गुणगुणू लागली. तो आवाज आता मलाही कळत होता. आत काहीतरी अडकलंय आणि मोटार जोर करतेय. मी धावत गेले. आईने तोवर बटण बंद केलं होतं. नळ चालूच होता आणि सिंक भरत आला होता. आई त्याच्यासमोर उभी होती, ओल्या हातांनी, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला, देवासमोर घेते तसा. ओट्यावर पिशवी पडली होती, रिकामी. मी नळ बंद केला. ती म्हणाली, "काही नाही. तू जा तुझ्या कामाला."

वहिनी संध्याकाळी आली. तिने सिंकमध्ये तुंबलेलं पाणी बघितलं, आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघितलं. प्लग काढला. वाटीने पाणी उपसलं. चिमटा घेतला, मोबाइलचा उजेड मी धरला. पहिल्यांदा एक लांब हिरवट काडी निघाली. तिला वाटलं असावं, मेथीचा देठ. मग दुसरी निघाली, तशीच, आणि चिमट्याला काळे तीळ चिकटून आले. वहिनीचा हात थांबला.

"स्वच्छ ताट दे," ती मला म्हणाली.

मी ताट दिलं. ती एकेक काडी काढून ताटात ठेवत गेली, हळू, सरळ करून. भाताचा चिखल वाटीने काढला, तोही ताटात. शेवटी ठोकळ्याच्या फटीत रुतलेली विड्याची सुपारी निघाली. ती सगळ्यांबरोबर पिशवीत गेली असणार. तिनेच मशीन अडवलं होतं.

आई दारात येऊन उभी होती. "नदीवर घेत नाहीत," ती म्हणाली. "चौकात गाय घेऊन बसायची ती बाईही आता नसते. मला वाटलं, वाहतं पाणी तर आहे. तू म्हणतेस ना, आधी पाणी सोडायचं. सोडलं होतं मी. हात जोडून सोडलं."

वहिनीने चिमटा खाली ठेवला. वळली मात्र नाही. "मला सांगायचं होतं न, आई. दोघींनी मिळून सोडलं असतं."

आई स्टुलावर बसली. मग तिने वर्षभरात न विचारलेलं विचारलं.

"त्या दिवशी तो जेवला होता का गं?"

"नाही," वहिनी म्हणाली. "डबा तसाच परत आला. ऑफिसातल्या लोकांनी त्याची बॅग आणून दिली, तिच्यात होता. भात होता, वरण होतं, बटाट्याची भाजी. मी उघडलाच नाही. ओट्यावर ठेवला आणि बघत बसले. मग वास येऊ लागला, आई. मी मशीनमध्ये टाकला. पाणी सोडलं आणि टाकला. नंतर नळ बंदच करता येईना मला. शेजारची बाई आली, तिने केला."

मी अजून उजेड धरून उभी होते. तो कुठे धरायचा ते मला कळत नव्हतं.

"बरं केलंस," आई शेवटी म्हणाली. "डबा धुवायलाच हवा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी ताटातलं सगळं घेऊन रिक्षाने मांजरी गावाच्याही पुढे गेल्या. तिकडे उसाच्या शेतांना पाणी देणारा कालवा आहे, आणि त्यात तेव्हा पाणी सोडलेलं होतं. मला त्यांनी बोलावलं नाही. परत आल्या तेव्हा आईच्या साडीचा काठ ओला होता आणि वहिनीच्या सलवारीला चिखल. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दोघींचे डोळे सारखेच सुजलेले होते, एवढं मी बघितलं.

मला वाटलं, आता वहिनी राहणार. बाबांनाही वाटलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी तिच्या आवडीची संत्र्याची बर्फी आणली. पण चार दिवसांनी जेवताना आईच म्हणाली, बंगळूरला होय म्हणून कळवून टाक. वहिनीचा घास हातातच राहिला. तिने विचारलं, मी नको झाले का तुम्हाला.

"हवी आहेस म्हणून सांगतेय," आई म्हणाली. "इथे राहिलीस तर तू माझं तोंड बघशील आणि मी तुझं, आणि दोघींना तोच दिसेल. माझं तर आता असंच जायचंय. तुझं कशाला?"

वहिनी निघाली त्या दिवशी आईने तिला पाटावर बसवलं आणि तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. नवरा नसलेल्या बाईची भरत नाहीत, हे आईला कोणी सांगायला नको. आत्या बसली होती, तिने तोंड उघडलं आणि आईने तिच्याकडे बघितलं, तसं मिटलं. वहिनी आईच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडली. मशीन चालू नव्हतं. सगळ्यांना ऐकू आलं.

ती गेल्यावर मशीन आई चालवू लागली. सगळे नियम पाळून, कुरकुर न करता. दर रविवारी वहिनीचा फोन यायचा आणि बोलणं त्याच्यावरच व्हायचं. आज काय टाकलं, आवाज कसा येतो, कैरीची कोय गेली तर काय करायचं. दादाबद्दल नाही, तिच्या नोकरीबद्दलही फारसं नाही. मग एका रविवारी तिने सांगितलं की ती लग्न करतेय, तिथल्याच एका सहकाऱ्याशी, नोंदणी पद्धतीने. आई म्हणाली, छान झालं. साडी पाठवली. त्यानंतर फोन दर रविवारचे राहिले नाहीत. त्यात कुणाचं काही चुकलं नाही, असंच होतं.

गेल्या पावसाळ्यात मशीनच्या बुडातून पाणी गळू लागलं. प्लंबर म्हणाला, आतून गंजलंय, याला आता काही होत नाही. त्याने ते काढलं आणि सरळ पाइप जोडून दिला. बाबा नवीन आणू म्हणाले. आई नको म्हणाली.

परवा वहिनीचा फोन आला, खूप दिवसांनी. मी आईजवळच बसले होते. आई मेथी निवडत होती, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. इकडचं तिकडचं झालं आणि वहिनीने विचारलं, "मशीन बरं चालून राहिलंय न, आई?"

आईने सिंककडे बघितलं. "चाललंय की," ती म्हणाली.

"बर्फ घालता न?"

"शनिवारीच घातला. मीठही घातलं."

वहिनी बरं म्हणाली, आणि आता ती फोन ठेवणार असं वाटलं. आईने घाईघाईने हातातली जुडी बाजूला केली, फोन उचलून कानाला लावला आणि विचारलं, "अगं, मेथीचे देठ चालतात का गं त्यात? मी विसरले बघ."

तिकडून वहिनी सांगू लागली असावी, कारण आई डोळे मिटून, मान हलवत, हं, हं, करत होती. समोरच्या ताटात देठांचा ढीग पडला होता. मी तो बादलीत भरला, वरचं झाकण लावलं आणि ओल्या कचऱ्याच्या खड्ड्याकडे न्यायला खाली निघाले. आई अजून ऐकत होती.